प्रतिपिंडाची साक्ष आणि कोरा कागद

सहावी-सातवीच्या वर्गात पिष्टाची परीक्षा चालली आहे. बटाट्याची फोड, भाताची पेज, चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर असे पदार्थ कागदाच्या तुकड्यांवर मांडले आहेत. मुले ड्रॉपरने आयोडीनच्या द्रावणाचा एकेक थेंब टाकत आहेत. बटाटा निळा-काळा झाला, पेज निळी-काळी झाली. मीठ तसेच राहिले. इतक्यात एक मुलगी म्हणते, "बाई, साखरेतही पिष्ट आहे!" पाहावे तर साखरेभोवती खरोखरच निळसर काळा डाग पडलेला असतो.

अनुभवी बाई रागावत नाहीत आणि उत्तरही सांगून टाकत नाहीत. त्या कोऱ्या कागदाचा एक तुकडा घेतात आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकायला सांगतात. कोरा कागदही निळा होतो. कागद बनवताना त्याला पिष्टाची खळ दिलेली असते, तिनेच हा रंग दाखवला. आयोडीन खोटे बोलले नाही. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले. चूक झाली ती आपण त्याचे उत्तर साखरेच्या नावावर मांडण्यात.

हा कोरा कागद म्हणजे प्रयोगाचा कणा. आपण शाळेत मुलांना तो शिकवतो. पण अत्यंत महागड्या उपकरणांनी सजलेल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत गेल्या काही दशकांत हाच कोरा कागद कित्येकदा विसरला गेला, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. तिथले आयोडीन म्हणजे प्रतिपिंड. या प्रतिपिंडांवर, ती विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांवर आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतील एका लाडक्या उपमेवर थोडी टीका करण्याचा या लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी मूत्रपिंडातील एक प्रथिन घेऊ.

दीड किलो मिठाचा हिशेब

आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. या द्रवाच्या एका लिटरमध्ये सोडियमचे सुमारे १४० मिलिमोल असतात. म्हणजे दिवसाला २५,२०० मिलिमोल. साध्या मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅम धरला, तर हे जवळजवळ दीड किलो मीठ झाले! (हा गुणाकार वर्गात फळ्यावर जरूर करावा.) आपण रोज खातो ते मीठ मात्र काही ग्रॅमच. तेवढेच मूत्रावाटे बाहेर जाते. बाकीचे सारे नलिकांच्या पेशी परत घेतात.

या परतीच्या प्रवासात शेवटच्या टप्प्यांपैकी एक म्हणजे दूरस्थ वलित नलिका. येथे गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे ५ ते १० टक्के परत घेतले जाते. आकडा लहान दिसतो, पण दीड किलोचे ५ टक्के म्हणजेही ७५ ग्रॅम. येथे थोडे जास्त मीठ परत आले की रक्तदाब चढतो. हे काम करणारे प्रथिन म्हणजे सोडियम-क्लोराइड सहवाहक. रक्तदाबासाठी वापरली जाणारी थायझाइड गटातील औषधे याच सहवाहकाला अडवतात.

सहवाहकाला कामाला लावायचे की थांबवायचे, हे ठरवणारी साखळी वेगळीच आहे. तिच्या वरच्या टोकाला जी प्रथिने आहेत, त्यांचे नाव डब्ल्यूएनके. संशोधक त्याचा उच्चार 'विंक' असा करतात. नावाचा अर्थ 'लायसिन नसलेले'. अमिनो आम्लांच्या एकाक्षरी लिपीत 'के' हे अक्षर लायसिनचे. इतर कायनेज विकरांमध्ये एका ठरावीक जागी असणारे लायसिन येथे त्या जागी नाही, म्हणून हे नाव. इ.स. २००० मध्ये अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी या गटातील पहिल्या प्रथिनाचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातील रिचर्ड लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात विंक-१ किंवा विंक-४ या प्रथिनांच्या जनुकांत बदल झालेला असतो. या रुग्णांचा रक्तदाब चढलेला असतो, रक्तातील पोटॅशियमही वाढलेले असते, आणि थायझाइड दिले की दोन्ही उतरतात.

आता प्रश्न असा, की मूत्रपिंडाच्या तुकड्यात विंक-४ किती आहे आणि कोणत्या पेशीत आहे, हे पाहायचे कसे? प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. त्याला शोधणारा कोणीतरी पाठवावा लागतो. तो शोधणारा म्हणजे प्रतिपिंड.

ससा, जेल आणि पट्टी

हे प्रतिपिंड बनवण्याची नेहमीची रीत अशी. विंक-४ च्या साखळीतील पंधरा-वीस अमिनो आम्लांचा एक तुकडा प्रयोगशाळेत तयार करतात. तो वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. सशाची प्रतिकारयंत्रणा त्या परक्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही आठवड्यांनी सशाच्या रक्तातून ती वेगळी काढतात.

मग मूत्रपिंडाच्या पेशी फोडून त्यातील हजारो प्रथिने जेलमध्ये विजेच्या साहाय्याने पळवतात. लहान प्रथिने लांब जातात, मोठी मागे राहतात. ही रांग एका पडद्यावर उतरवून घेतात आणि त्यावर प्रतिपिंड सोडतात. प्रतिपिंड जिथे चिकटेल तिथे पट्टी उमटते. माणसाच्या विंक-४ मध्ये १,२४३ अमिनो आम्ले असतात, वस्तुमान सुमारे १३५ किलोडाल्टन. तेव्हा त्या सुमारास पट्टी दिसली, की संशोधक म्हणतात, "विंक-४ सापडले."

या वाक्यात एक उडी आहे. दिसले ते एवढेच, की सशाच्या प्रतिपिंडाला चिकटणारे, साधारण त्या आकाराचे काहीतरी येथे आहे. ते 'काहीतरी' म्हणजे विंक-४ च, हे सिद्ध व्हायचे आहे.

माहितीपत्रकाचे वाचन

हे प्रतिपिंड आज बहुतेक प्रयोगशाळा स्वतः बनवत नाहीत, विकत घेतात. एका छोट्या कुपीला काहीशे डॉलर पडतात. कुपीसोबत एक-दोन पानांचे माहितीपत्रक येते. अशी माहितीपत्रके ओळीने वाचली, की त्यांचा ठरावीक साचा लक्षात येतो. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या साच्याचे परीक्षण करण्याजोगे आहे.

पहिली ओळ असते, प्रतिपिंड कोणकोणत्या प्राण्यांच्या प्रथिनाला ओळखते याची. माणूस, उंदीर, घूस अशी नावे असतात. बारकाईने पाहावे तर काही नावांपुढे 'अपेक्षित' असा शब्द दिसतो. म्हणजे त्या प्राण्यावर प्रयोग झालेला नाही. अमिनो आम्लांचा क्रम जुळतो म्हणून केलेला तो अंदाज आहे. अंदाज करण्यात गैर काही नाही, पण अनुभवाच्या आणि अंदाजाच्या गोष्टी एकाच ओळीत बसवणे वाचकाला फसवणारे आहे.

दुसरी गोष्ट चित्राची. एक सुबक, ठळक, एकटी पट्टी. पुष्कळदा चित्र वरून-खालून कापलेले असते. कापलेल्या भागात आणखी किती पट्ट्या होत्या, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय पट्टी कोणत्या नमुन्यातून आली हे वाचावे. पुष्कळ वेळा तो नमुना मूत्रपिंडाचा नसतोच. प्रयोगशाळेतील पेशींना विंक-४ चे जनुक बाहेरून देऊन त्यांच्याकडून ते प्रथिन भरमसाट बनवून घेतलेले असते. ही परीक्षा फार सोपी झाली. विद्यार्थ्याला आधी उत्तर मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून दाखवायचे आणि मग 'वाचता येते' असा दाखला द्यायचा, तसा हा प्रकार. खऱ्या मूत्रपिंडात विंक-४ थोडेसेच असते आणि भोवती हजारो दुसऱ्या प्रथिनांची गर्दी असते. त्या गर्दीत प्रतिपिंड त्याला ओळखते का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर या चित्रात नसते.

तिसरी गोष्ट उपयोगांची यादी. जेलवरील पट्टीसाठी चालते, ऊतीच्या कापावर रंग देण्यासाठीही चालते, असे एका दमात लिहिलेले असते. पण जेलमध्ये प्रथिनाची घडी उलगडून सरळ दोरा झालेला असतो. ऊतीच्या कापात ते घडी घातलेल्या स्थितीत आणि फॉर्मॅलिनने जखडलेले असते. लोकरीच्या गुंड्यातील आतला रंग, गुंडा उलगडल्यावरच दिसावा, तसे हे आहे. एका कामात चालणारे प्रतिपिंड दुसऱ्यात चालेलच असे नाही. प्रत्येक उपयोगाची परीक्षा स्वतंत्र हवी.

चौथी गोष्ट, सशाला नेमका कोणता तुकडा टोचला. येथे कित्येकदा 'ही माहिती कंपनीची मालमत्ता आहे' असे उत्तर असते. विंक कुटुंबात चार भावंडे आहेत आणि त्यांचे कायनेजचे भाग एकमेकांशी पुष्कळ जुळतात. तुकडा त्या भागातला असेल, तर प्रतिपिंड चारही भावंडांना ओळखण्याचा धोका असतो. तुकडाच सांगितला नाही, तर हा धोका जोखायचा कसा?

पाचवी गोष्ट तुकडीच्या क्रमांकाची. एका सशाचे प्रतिपिंड संपले की दुसरा ससा येतो. दुसऱ्या सशाने बनवलेले मिश्रण वेगळे असते, पण कुपीवरचे नाव आणि माहितीपत्रकातले चित्र तेच राहू शकते.

आणि शेवटी येते ती शोधनिबंधांची यादी. हे प्रतिपिंड इतक्या-इतक्या निबंधांत वापरले गेले, म्हणून ते चांगले, असा भास होतो. पण वापरणे म्हणजे तपासणे नव्हे. आधीच्याने वापरले म्हणून नंतरच्याने वापरले, त्याने वापरले म्हणून तिसऱ्याने, अशी ती रांग असू शकते.

रांग कुठे घेऊन जाते

ही शंका काल्पनिक नाही. एरिथ्रोपोएटिन हे मूत्रपिंडात बनणारे, तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक. त्याचे ग्राहक प्रथिन कर्करोगाच्या पेशींवर सापडते, असे अनेक निबंधांत आले होते. प्रश्न साधा नव्हता. रक्तक्षय झालेल्या कर्करुग्णांना हे संप्रेरक औषध म्हणून देतात, त्याने गाठच वाढली तर? २००६ मध्ये असे दिसून आले, की या कामासाठी सर्रास वापरले जाणारे एक प्रतिपिंड प्रत्यक्षात उष्णताघात प्रथिन-७० या भलत्याच प्रथिनाला चिकटत होते. दोघांचे आकार जवळचे असल्याने पट्टी 'योग्य' जागेच्या आसपास उमटत होती. कोऱ्या कागदाची खळच ती!

अँजिओटेन्सिनचा पहिला ग्राहक हाही रक्तदाब आणि मूत्रपिंड यांच्या अभ्यासातील मोठा मानकरी. २०१२ मध्ये त्याच्यासाठी बाजारात मिळणारी सहा प्रतिपिंडे तपासली गेली. ज्या उंदरांतून या ग्राहकाचे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्या ऊतींमध्येही पट्ट्या तशाच उमटल्या. जे नाहीच, ते 'दिसले'. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने केलेल्या तपासणीतही असाच निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहकासाठी १३ प्रतिपिंडे तपासली, त्यांपैकी एकच विश्वासार्ह ठरले. कॅनडात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६५ प्रथिनांसाठीची ६१४ प्रतिपिंडे एकाच पद्धतीने तपासली गेली. त्यात असे आढळले, की आपले प्रथिन न ओळखणारी प्रतिपिंडे वापरून निघालेले निबंध, प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ आहेत.

या आकड्यांमागे पैसा आहे, मारलेली जनावरे आहेत, विद्यार्थ्यांची वर्षे आहेत. चुकीच्या पट्टीवर उभारलेला प्रबंध लिहिणारा विद्यार्थी अप्रामाणिक नसतो. त्याने कोरा कागद तपासला नाही, कारण तो तपासायला त्याला कोणी सांगितलेच नाही.

विंक-४ ची कथा काय सांगते

विंक-४ च्या बाबतीत एक कोडे दीर्घकाळ होते. २००३ मध्ये बेडकाच्या अंडपेशींवर झालेल्या प्रयोगांतून विंक-४ सहवाहकाला रोखते, असे दिसले. २०१२ मध्ये मात्र विंक-४ नसलेल्या उंदरांत सहवाहकाचे काम थंडावलेले आढळले, म्हणजे विंक-४ त्याला चालना देते. या गोंधळाचे खापर प्रतिपिंडावर फोडणे अन्यायाचे होईल. अंडपेशी आणि मूत्रपिंडाची पेशी यांतील परिस्थितीच वेगळी. पण गोंधळ सुटला तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

२०१२ मध्येच गॉर्डन विकाराच्या आणखी काही कुटुंबांत केएलएचएल-३ आणि कलिन-३ या प्रथिनांच्या जनुकांत बदल सापडले. ही जोडी पेशीतील नको असलेली प्रथिने हेरून त्यांच्यावर नाशाची खूण करते. २०१३ मध्ये असे दिसले, की ही जोडी विंक-४ ला पकडते. २००१ मध्ये सापडलेले विंक-४ मधील बदल नेमके या पकडीच्या जागी होते! बदललेले विंक-४ पकडले जात नाही, नष्ट होत नाही, साचत जाते, आणि सहवाहक अखंड मीठ ओढत राहतो.

येथे लक्षात घ्यावे, की विंक-४ साचते ते नाश थांबल्यामुळे, जास्त बनल्यामुळे नव्हे. म्हणून जनुकाचा संदेश मोजून हे कळणार नाही, प्रथिनच मोजावे लागेल. प्रथिन मोजायचे तर प्रतिपिंड हवे आणि ते खात्रीचे हवे. चार भावंडांत घोटाळा करणाऱ्या प्रतिपिंडाने हा निष्कर्ष निघालाच नसता. येथे कोऱ्या कागदाचे काम विंक-४ नसलेला उंदीर करतो. त्याच्या मूत्रपिंडाचा नमुना शेजारच्या रकान्यात ठेवायचा. तेथे पट्टी नाहीशी झाली, तर प्रतिपिंड खरे बोलते. तशीच राहिली, तर ते प्रतिपिंड बाजूला ठेवायचे, मग माहितीपत्रक काहीही म्हणो.

किल्ली की हाक?

आता आपल्या अंगणात येऊ. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांचे नाते 'कुलूप आणि किल्ली' असे शिकवण्याचा आपला प्रघात आहे. ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी वापरली होती. पुढे ती प्रतिपिंडांनाही लागली. समजायला सोपी आहे, यात शंका नाही. पण ती विद्यार्थ्याच्या मनात असे ठसवते, की एका प्रतिपिंडाला जगात एकच प्रतिजन. वर सांगितलेल्या चुकांचे बीज या समजुतीत आहे, असे मला वाटते. ज्याला किल्लीबद्दल शंकाच नाही, तो दुसऱ्या कुलपात ती फिरवून पाहणार नाही.

प्रतिपिंड सबंध प्रथिनाला ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागावरील काही थोड्या अमिनो आम्लांच्या ठिपक्याला ओळखते. तसाच ठिपका दुसऱ्या प्रथिनावर असला, तर त्यालाही चिकटते, कदाचित थोडे सैल. पुण्यातल्या एखाद्या भरल्या सभागृहात "अहो जोशी!" अशी हाक मारून पाहा. चार जण तरी वळून पाहतील. हाक चुकीची नाही, पण आडनावाने माणूस ठरत नाही. आपल्याला हवे असलेले जोशी आज सभागृहात आलेलेच नाहीत हे ठाऊक असताना हाक मारली आणि तरीही कोणी वळले, तर ते दुसरे जोशी. वर्गात किल्लीच्या जोडीला ही हाकही सांगावी, असे सुचवावेसे वाटते.

दुसरी बाजू

टीका करताना दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे. प्रतिपिंडांवाचून आधुनिक जीवशास्त्र उभेच राहिले नसते. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या, त्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गर्भधारणा ओळखण्याची पट्टी, कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेली पट्टी, ही प्रतिपिंडांचीच कामे. पण या निदानाच्या पट्ट्यांना बाजारात येण्याआधी परवानगीच्या तपासणीतून जावे लागते. संशोधनाच्या कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' एवढे लिहिले, की ती तपासणी लागू होत नाही. जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येते, आणि बऱ्याचदा ती कोणीच उचलत नाही.

'प्रत्येक प्रयोगशाळेने जनुक काढलेला उंदीर कुठून आणावा?' असाही आक्षेप घेतला जातो. तो पूर्वी रास्त होता. आता क्रिस्परच्या तंत्राने हवे ते जनुक काढलेल्या पेशी तुलनेने सहज मिळतात. तेही शक्य नसेल, तर २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सुचवलेले इतर मार्ग आहेत. त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला ओळखणारे दुसरे प्रतिपिंड वापरावे आणि दोघांची साक्ष जुळते का पाहावे, हा त्यातलाच एक. उत्पादकांनाही सरसकट दोष देता येत नाही. कॅनडातील अभ्यासात त्यांनी आपणहून प्रतिपिंडे तपासणीला दिली, निकालानंतर तपासलेल्यांपैकी सुमारे २० टक्के बाजारातून मागे घेतली आणि सुमारे ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. कोरा कागद समोर ठेवला, की पुष्कळ माणसे प्रामाणिकपणे वागतात.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत जातील. तिथे त्यांच्या हाती अशी कुपी आणि असे माहितीपत्रक पडेल. त्या वेळी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. हे प्रथिन जिथे नाही, तिथे या प्रतिपिंडाने काय दाखवले? मी जे काम करणार आहे, त्याच कामात ते तपासले आहे का? संपूर्ण चित्र पाहायला मिळेल का? हे प्रश्न विचारायची सवय विद्यापीठात लागत नाही, ती सहावी-सातवीत लागते. म्हणून पुढच्या वेळी पिष्टाची परीक्षा घेताना कागद मुद्दाम बदलू नका. साखर कागदावरच ठेवा. डाग पडू द्या. आणि कोणीतरी स्वतःहून कोरा कागद मागेपर्यंत थोडे थांबा.